सरकीचे तेल रिफाइंडच का असते

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने निघाली आहेत. पाटीवर शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरे, जवस, मोहरी अशी नावे असतात. सरकीचे नाव सहसा नसते. कापसाच्या मुलखात हे नवलच म्हणायचे. जिनिंगमध्ये कापसापासून वजनाने साधारण एक तृतीयांश रुई मिळते आणि उरलेला जवळजवळ सगळा भाग सरकीचा असतो. अकोला, यवतमाळ, जळगाव, परभणी या पट्ट्यात हंगामात तिचे ढीग लागतात आणि तिच्यात शेकडा १८-२० तेल असते. तरी घाणेवाला तिच्या वाटेला जात नाही, आणि गेला तरी कायदा आडवा येतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शेंगदाणा, तीळ, मोहरी यांचे घाण्यावरचे तेल गाळून तसेच विकता येते, पण सरकीचे खाद्यतेल रिफाइंड केलेलेच असावे लागते. ‘घाण्याचे ते चांगले, रिफाइंड ते वाईट’ हा सध्या सगळीकडे ऐकू येणारा निवाडा तपासायचा असेल, तर सरकीइतके सोयीचे उदाहरण सापडणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की शुद्धीकरणाला नावे ठेवण्याआधी, किंवा त्याचे गोडवे गाण्याआधी, तीन प्रश्न विचारावेत. बी कोणते आहे? तेलाखेरीज त्यात निसर्गाने काय भरून ठेवले आहे? आणि ते तेलात नुसते विरघळले आहे की तेलाच्या रेणूचाच भाग होऊन बसले आहे? उत्तर प्रत्येक बियागणिक बदलते.

सरकीचा दाणा टरफल काढून ब्लेडने आडवा कापला, तर फिकट पिवळसर गरात काळपट ठिपके पसरलेले दिसतात. जणू कुणी बारीक मिरपूड भुरभुरली आहे. त्या रंगद्रव्याच्या ग्रंथी. प्रत्येक ग्रंथी मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी असते आणि तिच्यात गॉसिपॉल नावाचा पिवळा पदार्थ ठासून भरलेला असतो. कपाशीच्या पानांत, बोंडांत, मुळांतही तो असतो. झाडाच्या दृष्टीने ते संरक्षण आहे, कारण अळ्यांना आणि उंदरांना तो मानवत नाही. हा पदार्थ १८८६ मध्ये कच्च्या सरकी तेलातून प्रथम वेगळा केला गेला. पोलिश रसायनशास्त्रज्ञ मार्खलेव्स्की यांनी १८९९ मध्ये तो शुद्ध स्फटिकरूपात मिळवला, आणि त्याची रचना अमेरिकेत रॉजर अॅडम्स यांनी १९३८ च्या सुमारास उलगडली. गरात त्याचे प्रमाण जातीनुसार आणि हवामानानुसार बदलते, पण ढोबळमानाने शेकडा अर्धा ते दोन असते. सरकी शिजवून एक्स्पेलरमध्ये दाबली की ग्रंथी फुटतात. आतला काही पदार्थ गरातल्या प्रथिनांना चिकटून ढेपेत राहतो आणि काही तेलात उतरतो. म्हणून सरकीचे कच्चे तेल करडईच्या तेलासारखे सोनेरी निघत नाही. ते गडद तांबडे, कधीकधी काळ्याकडे झुकणारे असते. हा काळेपणा मळाचा नव्हे, अस्सल नैसर्गिक आहे.

हा नैसर्गिक पदार्थ माणसाला काय करतो, ते चीनने फार मोठी किंमत देऊन जगाला दाखवले. जिआंग्सू प्रांतातल्या एका खेड्यात लोक सोयाबीनचे तेल सोडून सरकीचे कच्चे, न शिजवता दाबून काढलेले तेल खाऊ लागले आणि पुढे कित्येक वर्षे तिथे मुले जन्मायची जवळजवळ थांबली. या संबंधाकडे लक्ष वेधणारा लेख १९५७ मध्ये एका चिनी वैद्यक नियतकालिकात आला. सरकीच्या इतर पट्ट्यांतूनही असले तेल खाणाऱ्यांमध्ये अंगाची आग होणे, थकवा, स्नायूंची दुर्बलता अशा तक्रारी नोंदल्या गेल्या. कारण गॉसिपॉल असल्याचे कळल्यावर चिनी संशोधकांनी उलट बाजूने विचार केला आणि हीच पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी होऊ शकेल, असे ठरवून १९७० च्या दशकात आठ हजारांवर पुरुषांवर चाचण्या घेतल्या. गोळी लागू पडली, अगदी ९९ टक्क्यांच्या वर. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरले, आणि औषध बंद केल्यावरही बऱ्याच जणांची प्रजननक्षमता परत आली नाही. अखेर जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये या वाटेने पुढे जाऊ नये, असे सुचवले. यातली एक गोष्ट आपल्या वादासाठी नेमकी आहे. त्या खेड्यातले तेल सर्वार्थाने नैसर्गिक होते. त्यात भेसळ नव्हती, त्याला उष्णता फारशी लागली नव्हती, रसायन तर नव्हतेच. आज घाण्याच्या तेलाची जाहिरात करताना जे गुण सांगितले जातात, ते सगळे त्याच्यात होते.

आता हा पदार्थ तेलातून काढायचा कसा? इथे रसायनशास्त्र आपल्या बाजूला उभे राहते. तेल म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. असा जोडलेला रेणू सौम्य अल्कलीशी थोडा वेळ संबंध आला तर सहज तुटत नाही. गॉसिपॉल मात्र फिनॉल वर्गातला, म्हणजे आम्लधर्मी. कॉस्टिक सोड्याचे पाणी लागले की त्याचा क्षार होतो आणि तेलातून निघून तो पाण्याच्या बाजूला जातो. तेलातली सुटी झालेली मेदाम्लेही त्याच वेळी सोड्याशी मिळून साबण बनतात. छोट्या जुन्या कारखान्यात ही क्रिया मोठ्या कढईत चालते. तेलात सोड्याचे मोजलेले द्रावण फवारतात, ढवळत राहतात, मग हळूहळू ६०-६५ अंशांपर्यंत तापवतात. काही वेळाने एकजीव दिसणारे मिश्रण फुटते, त्यात तांबूस-काळपट कण दिसू लागतात. ढवळणे थांबवले की ते कण एकमेकांना धरून तळाशी बसतात आणि वर पिवळट तेल मोकळे होते. तळाच्या या गाळाला कारखान्यात सोपस्टॉक म्हणतात. मोठ्या कारखान्यांत हेच काम सेंट्रिफ्यूज काही सेकंदांत करतो. सरकीसाठी सोयाबीनपेक्षा कडक द्रावण लागते. तेवढ्याने रंग उतरला नाही तर दुसऱ्यांदा सोडा द्यावा लागतो, आणि प्रत्येक वेळी थोडे चांगले तेलही साबणाबरोबर जाते. म्हणून रिफायनरीवाल्याचे सगळे लक्ष या घटीवर असते. नंतर गरम पाण्याने धुऊन उरलासुरला साबण काढतात आणि सक्रिय केलेली माती मिसळून निर्वातात तापवतात. माती उरलेला रंग, हरितद्रव्य, धातूंचे अंश शोषून घेते. मग ती गाळून टाकतात.

या सगळ्यात वेळेला फार महत्त्व आहे, आणि सरकीचे तेल इथे इतर तेलांपेक्षा हट्टी ठरते. कच्चे तेल टाकीत गरम वातावरणात पडून राहिले, तर गॉसिपॉल तेलातल्या फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थांशी आणि स्वतःशीच संयोग पावते. त्यातून असा तांबडा रंग तयार होतो की तो पुढे ना सोड्याला दाद देतो ना मातीला. याला रंग ‘बसणे’ म्हणतात. म्हणून शहाणा कारखानदार सरकीचे तेल साठवून ठेवत नाही, आणि अमेरिकेत काही ठिकाणी तर बियांतून तेल ओढून घेणाऱ्या द्रावकातून ते वेगळे करण्याआधीच, म्हणजे ते हेक्झेनमध्ये विरघळलेले असतानाच, सोडा देण्याची पद्धत आली. रंग किती उरला, हे प्रयोगशाळेत लोव्हिबाँड टिंटोमीटरवर पाहतात. सव्वापाच इंची काचपेटीत तेल ओतून तिच्या शेजारी पिवळ्या आणि लाल काचा सरकवत दोन्ही रंग जुळवायचे, आणि काचांवरचा आकडा वाचायचा. सरकीत सारे लक्ष लाल आकड्यावर असते. तो खाली आला म्हणजे रंग धरणारे पदार्थ, त्यांच्यात गॉसिपॉलही, बहुतांशी गेले, अशी उपयुक्त खूण मिळते. नीट रिफाइंड केलेल्या तेलात गॉसिपॉल जेमतेम नावापुरते उरते. माणसाच्या खाण्यातल्या सरकीच्या पदार्थांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुक्त गॉसिपॉलची मर्यादा दशलक्ष भागांत ४५० भाग ठेवली आहे. नीट रिफाइंड तेल या आकड्याच्या बरेच खाली असते.

पण सरकीत गॉसिपॉल एकटे नाही. मॅल्व्हॅलिक आणि स्टर्क्युलिक नावाची दोन विचित्र मेदाम्ले तिच्यात थोड्या प्रमाणात असतात, आणि त्यांच्या साखळीत तीन कार्बनांचे ताणलेले कडे असते. कोंबड्यांना ती जास्त मिळाली की साठवलेल्या अंड्यांचा पांढरा बलक गुलाबी होतो आणि पिवळा बलक घट्ट होत जातो. हाल्फेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगितलेली एक चाचणी याच आम्लांमुळे लाल रंग देते, आणि सरकीच्या तेलाची भेसळ ओळखायला ती पुष्कळ वापरली गेली. इथे सोड्याचा उपयोग होत नाही. ही आम्ले तेलात मोकळी फिरत नसतात, ग्लिसरॉलला जोडून तेलाचाच भाग झालेली असतात. त्यांना काढायचे म्हणजे तेलच काढायचे. तरी सुटका आहे, कारण ते ताणलेले कडे उष्णतेला कच खाते. वास काढण्याच्या शेवटच्या टप्प्यात तेल जवळजवळ पूर्ण निर्वातात २२० ते २५० अंशांपर्यंत तापवून त्यातून वाफ सोडतात, तेव्हा वासाचे पदार्थ उडून जातात आणि या आम्लांचाही मोठा भाग मोडतो. मोहरीची कहाणी मात्र वेगळी आहे. तिच्यातले एरुसिक आम्लही तेलात जोडलेले असते, पण त्यात असे नाजूक कडे नाही. कितीही रिफाइंड केले तरी ते जागेवरच राहते. म्हणून कॅनडात कीथ डाउनी आणि बाल्डर स्टेफान्सन यांनी रिफायनरीचा नाद सोडून बियाणेच बदलले, आणि १९७४ मध्ये एरुसिक आम्लही कमी आणि ढेपेतले तिखट गंधकयुक्त पदार्थही कमी असलेले पहिले वाण बाहेर आले. कॅनोला म्हणतात ते हेच. विरघळलेले आणि जोडलेले हा फरक धरला, की शुद्धीकरणाला काय जमते आणि काय जमत नाही, याचा बराचसा उलगडा होतो.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. इतकी उठाठेव करावी लागते, तर असले तेल खावेच कशाला? सरकी जनावरांना घालावी आणि आपण शेंगदाणा खावा. ऐकायला हे सरळ वाटते, पण स्वयंपाकघर असा नियम पाळत नाही. सुरण तसाच खाल्ला तर घसा खवखवतो, म्हणून तो चिंचेत किंवा आमसुलात शिजवतात, आणि तरी सुरणाची भाजी कोणी कृत्रिम मानत नाही. दुसरे, भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. सरकीच्या तेलासाठी वेगळी जमीन, वेगळे पाणी लागत नाही, ते कापसामागोमाग येते. गुजरातेत ते कपासिया तेल म्हणून घरोघर आणि फरसाणाच्या दुकानांत चालते, कारण तळणात ते टिकते आणि त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. अमेरिकेतही हेच झाले. डेव्हिड वेसन यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर निर्वातात वाफेने वास काढण्याची पद्धत बसवली आणि सरकीचे तेल ताटात आले. १९११ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने क्रिस्को नावाची तेलापासून घट्ट केलेली चरबी बाजारात आणली, तीही सरकीचीच. क्रिस्कोसारख्या घट्ट केलेल्या तेलांनी पुढे आरोग्याचे जे नुकसान केले त्याचे समर्थन मी करणार नाही. तो दोष हायड्रोजन घालून तेल घट्ट करण्याचा होता, गॉसिपॉल काढण्याचा नव्हता. या दोन गोष्टी सर्रास एका पोत्यात भरल्या जातात.

दुसरा आक्षेप आजी-आजोबांचा आधार घेतो. त्यांनी आयुष्यभर घाण्याचे तेल खाल्ले, त्यांना काय झाले? पण त्यांनी खाल्ले ते शेंगदाणा, करडई, तीळ यांचे, म्हणजे अशा बियांचे, ज्यांत गॉसिपॉलसारखे काही नाही. त्यांचा अनुभव त्या बियांपुरता खरा आहे. आणि शेंगदाण्यातही एक फट आहे. दाणे ओले राहिले, बुरशी धरली, तर ॲस्परजिलस बुरशी त्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताचा कर्करोग घडवणारे विष तयार करते. तेल काढताना त्याचा मोठा भाग ढेपेत जातो, पण थोडा तेलातही उतरतो, आणि घाण्याचे तेल गाळले तरी तो तिथेच राहतो. सोडा आणि माती यांचा मारा झाला की तो जवळजवळ संपतो. म्हणजे घाण्याचे शेंगदाणा तेल चांगले की वाईट, हे घाण्यापेक्षा गोदामावर जास्त अवलंबून आहे. दाणे निवडलेले, नीट वाळवलेले असतील तर ते रिफाइंड करायची गरज नाही, असे मी निःसंकोच म्हणेन. फक्त ती खात्री ‘लाकडी घाणा’ या पाटीवरून मिळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो बराचसा खरा आहे. शुद्धीकरण वाईटाबरोबर चांगलेही नेते आणि कधीकधी नवे वाईट निर्माण करते. तांदळाच्या कोंड्याच्या तेलाचेच पाहा. त्यात ओरायझेनॉल नावाचे रक्तातले कोलेस्टेरॉल कमी करणारे द्रव्य असते आणि त्यासाठीच लोक हे तेल घेतात. पण तेही फिनॉल वर्गातले. सोडा दिला की ते गॉसिपॉलसारखेच साबणाबरोबर जाते, आणि बहुतांश जाते. एकाच सोड्याने सरकीत उपकार केला आणि कोंड्यात नुकसान. म्हणून कोंड्याच्या तेलासाठी सोडा टाळून, आधी डिंक, म्हणजे मघाचे फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थ, काढून मग नुसत्या वाफेने आम्ले उडवण्याची पद्धत पुढे आली, आणि डिंक एन्झाइमने काढण्याच्या तंत्रावर हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने मोलाचे काम केले. वास काढण्याच्या टप्प्यातही ई जीवनसत्त्वाचा काही भाग वाफेबरोबर जातो. कारखाने तो वाया घालवत नाहीत, गोळा करून जीवनसत्त्व बनवणाऱ्यांना विकतात, हे जरा गमतीचेच. त्याहून गंभीर म्हणजे २०० अंशांच्या वर तापमान गेले की ग्लायसिडिल एस्टर आणि तत्सम संयुगे तयार होतात, आणि युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये त्यांच्याबद्दल स्पष्ट इशारा दिला. ती सर्वांत जास्त पामतेलात सापडली. पण त्याच अहवालात हेही आहे की उत्पादकांनी स्वतःहून केलेल्या बदलांमुळे पामतेलातले त्यांचे प्रमाण २०१० ते २०१५ या काळात निम्म्यावर आले होते. दोष दिसला तो तापमानाच्या आणि वेळेच्या हाताळणीत, आणि तिथेच तो आवरलाही जातो. द्रावकाचेही तसेच. हेक्झेन साधारण ६९ अंशांना उकळते, म्हणून वाफेने ते काढता येते, आणि आपल्या नियमांत तेलात त्याची मर्यादा दशलक्षात पाच भाग आहे. नियम कागदावर आहे, तपासणी किती होते, हा ग्राहकाने विचारायचा प्रश्न. त्याचे उत्तर सगळे रिफाइंड तेल बंद करणे हे नव्हे.

गॉसिपॉल तेलातून गेले, तरी जगातून गेले नाही. काही सोपस्टॉकमध्ये गेले, त्यापासून कपड्यांचे साबण आणि कारखान्याला लागणारी आम्ले बनतात. पण सरकीतले बरेचसे ढेपेतच राहिले, आणि ढेपेचा व्यापार काही लहान नाही. वायदेबाजारात सरकी ढेपेचा सौदा अकोल्याच्या भावावर चालतो. गाई-म्हशींना ती चालते, कारण त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात गॉसिपॉल प्रथिनांना बांधले जाऊन बरेचसे निकामी होते. लहान वासरात तो कप्पा पुरता तयार नसतो, आणि कोंबड्या, डुकरे, मासे यांच्याजवळ तो नाहीच. ढेप तापवून गॉसिपॉल बांधता येते, पण मग त्याच्याबरोबर लायसिन हे गरजेचे अमिनो आम्लही अडकते आणि खाद्याचा कस उतरतो. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सूक्ष्मजीवांकरवी ढेपेतले गॉसिपॉल घटवण्याचे प्रयोग केले. अमेरिकेत १९५० च्या दशकात मॅकमायकेल यांनी ग्रंथीच नसलेली कपाशी तयार केली, पण तिचे संरक्षणच गेल्याने किडींनी आणि उंदरांनी तिचा फडशा पाडला. टेक्सासमधले भारतीय वंशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी २००६ मध्ये वेगळी युक्ती दाखवली. गॉसिपॉल बनवणारे जनुक फक्त बीजात मुके करायचे, पानाबोंडांत चालू ठेवायचे. या कपाशीला अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये, आणि तिची सरकी खाण्यासाठी वापरण्याला अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये हिरवा कंदील दिला. तिचा उपयोग मुख्यतः प्रथिनांचा आहे, कोंबडीच्या खाद्यात आणि पुढे माणसाच्या पिठात. तेलाच्या कारखान्याचे काम तिने फारसे हलके होणार नाही. दुसरी सोडाधुलाई कदाचित वाचेल आणि मातीही थोडी कमी लागेल, पण सुटी मेदाम्ले, डिंक, वास आणि मॅल्व्हॅलिक आम्ल त्या सरकीतही असणारच, आणि ते काढायला सोडा, माती व वाफ लागणारच.